रूनस्केपचा सर्वांत चांगला काळ कोणता?

निपाणीच्या एका तरुण खेळाडूने विचारले आहे: "मी २०१९ पासून मोबाइलवर ओल्ड स्कूल रूनस्केप खेळतो. आमच्या क्लॅनमधील, म्हणजे खेळाडूंच्या गटातील, जुनी मंडळी २००७ आधीच्या दिवसांचे गोडवे गात असतात. तो काळ खरोखर चांगला होता, की त्यांचे शाळेचे दिवस चांगले होते? आणि आता नव्याने खेळणाऱ्याने कोणत्या काळाचा खेळ धरावा?"

उत्तर आधी सांगतो, कारणे नंतर देतो. रूनस्केप या इंटरनेटवर अनेकांनी एकत्र खेळायच्या खेळाचा २००४ ते २००७ हा काळ खरोखरच चांगला होता आणि त्याचे सगळे श्रेय आठवणींच्या गोडीला देता येणार नाही. मात्र तो ज्या गोष्टीमुळे चांगला होता, ती गोष्ट बहुतेक जुने खेळाडू नेमकी सांगत नाहीत. ते जुन्या चित्रांबद्दल, संगीताबद्दल आणि लढाईच्या साध्या पद्धतीबद्दल बोलतात. प्रत्यक्षात त्या काळी प्रत्येक खेळाडूचे दुसऱ्या खेळाडूवाचून पावलोपावली अडत होते, आणि त्यानंतरचा प्रत्येक काळ लोकांना आवडला किंवा नावडला तो हे अडणे किती उरले यावरच. बेळगावात टिळकवाडीतील माझ्या नेट कॅफेत मुलांना खेळताना पाहून आणि पुढे एका क्लॅनची जबाबदारी सांभाळून माझे हे मत बनले आहे.

प्रथम काळांची ओळख करून घेऊ. हा खेळ जानेवारी २००१ मध्ये इंग्लंडमधील गोवर बंधूंनी सुरू केला आणि लवकरच त्यांची केंब्रिजमधील जॅजेक्स ही कंपनी तो चालवू लागली. मार्च २००४ मध्ये त्याची पूर्णपणे नव्याने रचलेली दुसरी आवृत्ती आली, आणि "जुने दिवस" म्हणताना आपल्याकडचे लोक याच आवृत्तीविषयी बोलत असतात. पहिली आवृत्ती क्लासिक या नावाने वेगळ्या सर्व्हरवर ऑगस्ट २०१८ पर्यंत तग धरून होती, पण बेळगाव भागात ती फारशी कोणी खेळलेली नाही, म्हणून तिच्याबद्दल येथे अधिक लिहीत नाही.

दुसऱ्या आवृत्तीने मात्र आमच्याकडे चांगलेच मूळ धरले आणि त्याची कारणे तांत्रिक होती. खेळ ब्राउझरमध्ये जावा या प्रणालीवर चालत असे, त्यामुळे कॅफेच्या मशीनवर तो वेगळा इन्स्टॉल करावा लागत नसे. खेळाचा बराच मोठा भाग फुकट होता, म्हणजे ज्या घरात क्रेडिट कार्ड नाही त्या घरातल्या मुलालाही तो खुला होता. तिसरे कारण कमी लोकांना माहीत आहे. या खेळाचे सर्व्हर प्रत्येक कृतीचा हिशोब ०.६ सेकंदांच्या ठोक्यावर करतात. तुमचे क्लिक त्या ठोक्याच्या आत पोहोचले की पुरे, ते किती आधी पोहोचले याला फारसा अर्थ नसतो. बीएसएनएलचे ब्रॉडबँड २००५ मध्ये आले, आणि एकाच जोडणीवर कॅफेतली सगळी मशीन चालवताना वेग कितीही घसरला तरी या ठोक्यामुळे बेळगावचा मुलगा लंडनच्या मुलाच्या बरोबरीने खेळू शकत असे. नेमबाजीच्या खेळात अशा जोडणीवर आपल्याकडच्या मुलांचा निभाव लागणे कठीण होते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्या काळातला एक व्यवहार जवळून पाहिला तर मी काय म्हणतो ते स्पष्ट होईल. फुकट खेळणाऱ्या मुलाचा पैसा मिळवण्याचा ठरलेला मार्ग म्हणजे करामजा बेटावरचे लॉबस्टर. मासेमारीची ४० वी पातळी गाठल्यावर पोर्ट सारिमच्या धक्क्यावर ३० नाणी देऊन जहाजाने पलीकडे जायचे आणि पिंजरा टाकून बसायचे. पिशवीत २८ कप्पे असतात. त्यांपैकी एक पिंजऱ्याला आणि एक परतीच्या नाण्यांना जातो, म्हणून एका फेरीत २६ लॉबस्टर मिळतात. ते घेऊन पुन्हा जहाज पकडायचे आणि ड्रेनॉरच्या बँकेपर्यंत चालत यायचे. अशा कितीतरी फेऱ्यांनंतर बँकेत काहीशे लॉबस्टर साठत, आणि खरा खेळ तेथून पुढे सुरू होई, कारण हा माल ठरलेल्या भावाने विकत घेणारी कोणतीही यंत्रणा नव्हती. दुकानदार पात्रे देत ती किंमत हास्यास्पद असे. मग मुलगा बँकेतून मालाच्या नोटा (मालाऐवजी हातोहात देता येणाऱ्या पावत्या) काढून वॅरॉकच्या पश्चिम बँकेसमोर उभा राही आणि ओरडू लागे. ओरडणे म्हणजे टाइप करणे. अक्षरे चमकावीत, लाटेसारखी हलावीत म्हणून ओळीच्या आधी कोणता शब्द लिहायचा हे कॅफेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असे. शेकडो माणसे एकाच वेळी ओरडत असताना आपली ओळ कोणाच्या तरी नजरेस पडावी, त्याने भाव विचारावा, आपण थोडे ताणून धरावे, त्याने निघून जाण्याचा आव आणावा आणि शेवटी सौदा जुळावा, असे सगळे घडत असे. खानापूरच्या आठवडी बाजारात आईबरोबर गेलेल्या मुलाला ही घासाघीस कोणी शिकवावी लागत नसे.

सौद्याची खिडकी उघडली की डावीकडे आपला माल आणि उजवीकडे समोरच्याचा दिसे. दोघांनी मान्य केल्यावर दुसरी खिडकी येई आणि काय देतो, काय घेतो हे शब्दांत लिहून पुन्हा मान्यता मागितली जाई. ही दुसरी खिडकी फसवणुकीमुळे आली होती, कारण शेवटच्या क्षणी महागडी वस्तू काढून तशीच दिसणारी स्वस्त वस्तू ठेवणारे लोक कमी नव्हते. या खिडकीसमोर क्षणभर थांबून ती वाचायची सवय ज्यांना लागली, ती मुले आज बँकेचा ओटीपी कोणाला सांगत नाहीत, असे माझे निरीक्षण आहे.

परस्परांवरचे अवलंबन बाजारापुरते नव्हते. नेचर रून, म्हणजे जादूला लागणारे दगड, तयार करणारा खेळाडू वेदीपाशी थांबून राही आणि दुसरे खेळाडू त्याला त्यांचा कच्चा माल, इसेन्स, आणून देऊन तयार रून घेऊन जात. एकाला अनुभवाचे गुण मिळत, दुसऱ्याला माल मिळे, आणि हा कामाचा वाटप कोणत्याही नियमात लिहिलेला नव्हता, तो खेळाडूंनी स्वतः शोधून काढला होता. कोणाचे पात्र मेले तर त्याच्या जवळच्या तीन सर्वांत मौल्यवान वस्तू वाचत आणि बाकीचे सामान काही मिनिटे जमिनीवर पडून राही. कॅफेत अशा वेळी एकच गडबड उडे आणि शेजारच्या मशीनवरचा मुलगा आपले काम सोडून त्या जागेकडे धाव घेई. शहापूरचा कन्नड बोलणारा, वडगावचा मराठी बोलणारा आणि कॅम्पातला उर्दू बोलणारा, असे तिघे एकमेकांचे सामान उचलून परत करत असताना मी पाहिले आहेत. याच मुलांच्या मोठ्या माणसांत शहराच्या पाट्यांवरून वाद चालू असत, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

वेळेचाही एक योग होता. आमच्याकडे रात्रीचे दहा वाजत तेव्हा इंग्लंडात दुपार कलती होऊन तिथली मुले शाळेतून घरी आलेली असत आणि सर्व्हर भरू लागत. रविवारी सकाळी कॅफे उघडल्यावर अमेरिकेतली शनिवारची रात्र चालू असे. आपल्याकडच्या मुलाला गिऱ्हाईक मिळायचे ते या दोन वेळांना, आणि कोणत्या वेळी कोणता माल उचलला जातो हे ज्याला कळले तो श्रीमंत होई.

हे सगळे जवळपास सहा आठवड्यांत संपले. नोव्हेंबर २००७ च्या अखेरीस ग्रँड एक्स्चेंज आले, म्हणजे माल मध्यवर्ती ठिकाणी ठेवून जाण्याची आणि खरेदीदार कोण आहे हे न कळताच पैसे मिळण्याची सोय झाली. १० डिसेंबर २००७ रोजी वाइल्डरनेस या खेळातल्या ओसाड प्रदेशातील खेळाडूंची एकमेकांशी होणारी मुक्त लढाई बंद झाली. जानेवारी २००८ च्या सुरुवातीला खेळाडूंमधील व्यवहारात दोन्ही बाजूंच्या किमतींत फार फरक असू नये असे बंधन आले, म्हणजे मित्राला मोठी भेट देणेही अशक्य झाले. कंपनीला दोष देणे सोपे आहे, पण तिच्यावरचे संकट खरे होते. खेळातले सोने खऱ्या पैशांना विकणाऱ्या टोळ्या चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर खेळाचे पैसे भरून मिळणारे सभासदत्व घेत. कार्डाचा खरा मालक तक्रार करी, पैसे परत जात, आणि अशा परताव्यांचे प्रमाण वाढले की कार्ड कंपन्या व्यापाऱ्याची सेवाच बंद करू शकतात. कोणीही कोणालाही काहीही देऊ शकतो ही मुभा हेच त्या टोळ्यांचे साधन होते, म्हणून ती मुभाच काढून घेतली गेली. रोग बरा करताना हात कापावा लागला, असे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

तुमच्या क्लॅनमधील मंडळी "२००७" म्हणतात तेव्हा त्यांना या सहा आठवड्यांच्या आधीचा काळ अभिप्रेत असतो, हे ध्यानात ठेवा. त्याच वर्षाच्या शेवटच्या महिन्यात खेळायला आलेल्या मुलाचे २००७ अगदी वेगळे असते.

२००८ ते २०१२ या काळाला जुने खेळाडू सरसकट नावे ठेवतात आणि ते अन्यायाचे आहे. कथानकांच्या दृष्टीने हा खेळाचा सर्वांत समृद्ध काळ होता. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेले 'व्हाइल गुथिक्स स्लीप्स' हे कथानक लांबीने, कोड्यांनी आणि धाडसाने आधीच्या सगळ्यांच्या पुढे गेले, आणि ज्यांच्याकडे सभासदत्व होते ते त्याबद्दल आजही आदराने बोलतात. जानेवारी २००८ मध्ये समनिंग आणि एप्रिल २०१० मध्ये डन्जनिअरिंग ही नवी कौशल्ये आली. पण या काळात खेळाडू एकेकटे होऊ लागले, बाजाराच्या चौकात फक्त यंत्राशी बोलणारी माणसे उभी राहू लागली, आणि माझ्या कॅफेतली रूनस्केपची गर्दी याच वर्षांत ओसरली. मुक्त व्यापार आणि वाइल्डरनेस परत आणावे का, यावर कंपनीने २०१० च्या अखेरीस मत मागितले तेव्हा सुमारे १२ लाख मते पडली आणि त्यांतली ९१ टक्के होकाराची होती. १ फेब्रुवारी २०११ रोजी दोन्ही गोष्टी परतल्या. ज्या मुक्त व्यापारात आपण फसवले जाऊ शकतो तोच परत हवा, असे इतक्या लोकांनी जाणूनबुजून सांगितले, हा माझ्या मताच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा आहे असे मी मानतो.

त्यानंतरची दोन वळणे भराभर सांगतो. २०१२ मध्ये पैसे देऊन फिरवायचे बक्षिसांचे चाक आले आणि पैसा ओतून पुढे जाण्याचा रस्ता उघडला. २० नोव्हेंबर २०१२ रोजी लढाईची संपूर्ण पद्धत बदलणारे इव्होल्यूशन ऑफ कॉम्बॅट आले, ज्यात एका क्लिकवर चालणाऱ्या लढाईऐवजी क्षमतांच्या पट्टीवरची बटणे सतत दाबत राहावी लागू लागली. ही पद्धत वाईट होती असे मी म्हणणार नाही. मोठ्या शत्रूंशी लढताना तिच्यात अधिक विचार करावा लागतो. पण जुन्या लढाईत हात मोकळे राहत, म्हणून गप्पा चालत. नव्या लढाईत गप्पांना वेळच उरला नाही, आणि लोक गेले ते या कारणाने अधिक गेले असे माझे ठाम मत आहे.

मग फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने आपल्या साठ्यात ऑगस्ट २००७ ची एक प्रत सापडल्याचे सांगून ती पुन्हा चालू करावी का, अशी विचारणा केली. सुमारे साडेचार लाख मते पडली आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला ओल्ड स्कूल रूनस्केपचे सर्व्हर सुरू झाले. तुम्ही मोबाइलवर खेळता तो हाच खेळ. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी तो फोनवर आला. ऑगस्ट महिन्याची प्रत असल्यामुळे ग्रँड एक्स्चेंज तिच्यात नव्हते, आणि सुरुवातीची दोन वर्षे लोक पुन्हा चौकात उभे राहून ओरडत होते. पण फेब्रुवारी २०१५ मध्ये ग्रँड एक्स्चेंज येथेही आले, आणि या वेळी ते खेळाडूंनीच मतदानाने आणले. तुमच्या क्लॅनमधील मंडळींना हे अवश्य विचारा. ज्या चौकाची आठवण ते काढतात, तो संधी मिळाली तेव्हा त्यांच्याच पिढीने पुसून टाकला, कारण दिवसभर नोकरी करून आलेल्या माणसाला लॉबस्टर विकण्यासाठी तासभर उभे राहणे परवडत नव्हते.

मग ओल्ड स्कूलचा हा काळ आजही इतका लाडका का आहे? अडण्याची जागा बदलली म्हणून. आधी आपले अडत होते गिऱ्हाइकावाचून. आता आपले अडते ते इतरांच्या मतावाचून. ओल्ड स्कूलमध्ये कोणताही मोठा बदल मतदानाला टाकला जातो. पूर्वी त्याला ७५ टक्के मते लागत, २०२२ पासून ७० टक्के लागतात. साध्या बहुमताने काही होत नाही, म्हणून ज्याला बदल हवा त्याला तो नको असलेल्यांशी बोलावेच लागते. २०१९ मध्ये वॉर्डिंग नावाचे नवे कौशल्य बहुमत असूनही याच अटीमुळे बाद झाले. २०२३ मध्ये तीन कल्पनांमधून नौकानयन निवडले गेले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ते खेळात दाखल झाले. मघाशी ज्याचे कौतुक केले ते २००८ चे कथानकही खेळाडूंच्या संमतीने जुलै २०२४ मध्ये ओल्ड स्कूलमध्ये नव्याने आले. म्हणजे तुम्ही ज्याला "२००७ चा खेळ" समजता त्यात नंतरच्या काळांतले निवडक दाणे वेचून घातलेले आहेत.

माझ्या मताविरुद्ध एक सबळ आक्षेप आहे आणि तो टाळणे योग्य नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये आयर्नमॅन हा प्रकार आला, ज्यात खेळाडूला कोणाशीही व्यवहार करता येत नाही आणि प्रत्येक वस्तू स्वतः मिळवावी लागते. तो अतिशय लोकप्रिय झाला. अवलंबन जर इतके प्रिय असेल तर लोकांनी ते स्वखुशीने का तोडावे? मला याचे उत्तर असे दिसते की ग्रँड एक्स्चेंजमधले अवलंबन निनावी होते. तेथे विकणारा दिसत नाही, त्याच्याशी बोलावे लागत नाही, त्याचे उपकार राहत नाहीत. ते सोडण्यात लोकांना काही गमावल्यासारखे वाटले नाही. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्रुप आयर्नमॅन आले आणि दोन ते पाच जणांना फक्त आपसांत देवघेव करण्याची मुभा मिळाली, तेव्हा एकट्याने खेळणाऱ्यांपैकी कितीतरी जण तिकडे वळले. माझ्या ओळखीतले तर बहुतेक वळले.

आता बालपणाबद्दल. जुन्या मंडळींच्या आवडीत त्यांच्या शाळेच्या दिवसांचा वाटा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु केवळ तेवढेच असते तर तुमच्यासारखे, २००७ मध्ये खेळ पाहिलाही नव्हता असे लोक या खेळात टिकले नसते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या दुसऱ्या ऑनलाइन खेळानेही ऑगस्ट २०१९ मध्ये आपला २००६ चा खेळ क्लासिक म्हणून परत आणला, आणि तेथेही गुहेत जाण्यासाठी साथीदार स्वतः शोधावे लागणे, वाटेत अनोळखी माणसाची मदत घ्यावी लागणे, याच गोष्टींचे कौतुक नव्या खेळाडूंनी केले. दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन वेगळ्या खेळांत लोक एकाच गोष्टीकडे वळतात, तेव्हा ती निव्वळ स्मरणरंजनाने समजावता येत नाही.

तुम्ही काय करावे याविषयी माझा सल्ला स्पष्ट आहे. नव्या खेळाडूने ओल्ड स्कूलच धरावे. रूनस्केप ३, म्हणजे मूळ खेळाची आजची आवृत्ती, तिची कथानके उत्तम आहेत, पण तेथील बटणांची गर्दी पहिल्या वर्षातच कंटाळा आणते. सध्याचे पात्र सोडू नका. त्याशिवाय निपाणी, चिकोडी किंवा बेळगावातले, प्रत्यक्ष भेटू शकतील असे दोन-तीन मित्र घेऊन एक ग्रुप आयर्नमॅन सुरू करा. एकाने मासेमारी आणि स्वयंपाक घ्यावा, एकाने खाणकाम आणि लोहारकाम, एकाने जादू आणि रून. ही वाटणी कागदावर लिहू नका, ती आपोआप ठरू द्या. ९९ व्या, म्हणजे कौशल्याच्या सर्वांत वरच्या, पातळीचा ध्यास सुरुवातीला मुळीच धरू नका. तिला लागणाऱ्या १,३०,३४,४३१ गुणांपैकी जेमतेम निम्मे ९२ व्या पातळीपर्यंत होतात आणि त्या हिशोबाने चांगली चांगली मुले खेळ सोडून गेलेली मी पाहिली आहेत. तुमच्या लोहाराला कोळसा कमी पडला आणि तो मिळवणारा मित्र परीक्षेमुळे आठवडाभर आला नाही, तर बाहेरून विकत घेण्याची सोय नसल्यामुळे तुम्हाला त्याची वाट पाहावी लागेल किंवा स्वतः खाणीत उतरावे लागेल. त्या आठवड्यात क्लॅनमधल्या जुन्या मंडळींना पुन्हा एकदा २००७ बद्दल विचारा; त्यांचे बोलणे तुम्हाला तेव्हा अधिक नीट समजेल.